मंगावरून ॲनिमे मालिका: मुळाशी इमान राखायचं तर काम कोणत्या क्रमाने करावं?

ॲनिमेशन शिकणाऱ्या मुलांचे स्टोरीबोर्ड, म्हणजे दृश्यांचे कच्चे चित्र-आराखडे, माझ्याकडे तपासायला येतात. आवडत्या मंगाचं, म्हणजे जपानी चित्रकथेचं, एखादं प्रकरण घ्यायचं आणि टीव्हीच्या भागासाठी बांधून दाखवायचं, असा तो सराव. दरवर्षी चूक तीच. चौकटी एकेक करून कापलेल्या, पडद्याच्या मापात ताणून बसवलेल्या, प्रत्येकीखाली फुग्यातला संवाद आणि पुढे सरसकट ठोकलेले चार सेकंद. वर "सर, एकही चौकट सोडलेली नाही," हे अभिमानाने. गेल्या खेपेला असा एक बोर्ड आम्ही वेळ लावून वर्गात चालवून पाहिला. जे पान वाचताना त्या विद्यार्थिनीला स्वतःला रडू आलं होतं, ते येऊन गेलं तरी कोणाला पत्ता लागला नाही.

मंगा वाचताना घड्याळ वाचकाच्या हातात असतं. एका चित्रावर तो मिनिटभर थांबतो, तीन पानं भराभर उलटतो, वाटलं तर मागे जातो. ॲनिमेत, म्हणजे जपानी ॲनिमेशनमध्ये, ते घड्याळ दिग्दर्शकाकडे येतं. चित्रं हुबेहूब उतरली आणि वेळ चुकली, तर गोष्ट हरवतेच. खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. थेट सहाव्यावर, म्हणजे स्टोरीबोर्डवर, उडी मारायचा मोह सगळ्यांना होतो आणि बहुतेक कामं तिथेच फसतात.

## टप्पा १: छापील पुस्तक घ्या आणि तीनदा वाचा

पहिलं वाचन साध्या वाचकासारखं, पेन्सिल न उचलता. कुठे हसलात, कुठे पान परत उलटून पाहिलंत, एवढंच लक्षात ठेवा. हे वाचन पुन्हा मिळत नाही.

दुसरं वाचन पान उलटण्याच्या जागांसाठी. जपानी पुस्तक उजवीकडून डावीकडे वाचतात. समोरासमोरच्या पानांत आधी उजवं, मग डावं. म्हणजे पान उलटायची वेळ डाव्या पानाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात येते आणि धक्का पुढच्या उजव्या पानावर वाट बघत असतो. जपानीत या उलटण्याला 'मेकुरी' म्हणतात. चांगला मंगाकार शेवटच्या चौकटीत काय ठेवायचं याचा विचार या जागेवरून करतो. अशा प्रत्येक जागेवर खूण करा.

इशारा: मोबाइलवर एकेक पान सरकवत वाचलंत तर या जागा दिसतच नाहीत. जुन्या काही इंग्रजी आवृत्त्यांत तर चित्रं आरशासारखी उलटवून छापलेली असत. त्यांत उजव्या हाताने तलवार धरणारा डावखुरा होतो. उजवीकडून उघडणारी छापील प्रतच हवी.

तिसऱ्या वाचनाला वही घ्या. तीन रकाने: काय पेरलं, कुठे पेरलं, कुठे उगवलं. एखादं घड्याळ, जखमेची खूण, सहज टाकलेलं वाक्य, सगळं यात. २००९ च्या 'फुलमेटल अल्केमिस्ट: ब्रदरहुड'मध्ये सुरुवातीचं खाणीच्या गावातलं प्रकरण गाळलं होतं. त्यातला योकी नावाचा लाचखाऊ अधिकारी कथेत पुढे परत येतो, तेव्हा त्याची ओळख आखूड पूर्वकथेत उरकावी लागली. ती विनोदी केली म्हणून निभावलं. गंभीर पात्र असतं तर पंचाईत होती.

तपासणी: प्रत्येक 'पेरलं'समोर 'उगवलं' भरलं आहे का? ज्या जागा रिकाम्या राहिल्या, ते मूळ लेखकासाठीचे प्रश्न.

## टप्पा २: परवानगी आणि प्रश्नावली

जपानी कॉपीराइट कायद्यात रूपांतराचा हक्क कलम २७ मध्ये आहे आणि तो विकत घेता येतो. कलम २० मधला, आपल्या कृतीची मोडतोड होऊ न देण्याचा लेखकाचा हक्क मात्र विकताच येत नाही. तो लेखकाकडेच राहतो. आपल्याकडेही १९५७ च्या कायद्याचं कलम ५७ याच जातीचं आहे. वर्गातला सराव वर्गात ठेवा. परवानगी नसताना यूट्यूबवर चढवू नका.

खऱ्या निर्मितीत मूळ लेखक आणि पटकथाकार यांच्यात प्रकाशनसंस्थेचा संपादक, निर्माता, दिग्दर्शक आणि सगळ्या भागांचा आराखडा बांधणारा मालिका-रचनाकार एवढी माणसं असतात. तोंडी निरोप एकेका माणसागणिक पातळ होत जातो. "हे बदलू नका" असं लेखक म्हणतो आणि शेवटच्या माणसापर्यंत "जमलं तर बदलू नका" पोचतं. म्हणून लेखकाच्या अटी एका कागदावर, त्याच्याच शब्दांत उतरवा आणि तो कागद प्रत्येक पटकथेच्या वर टाचा.

मग प्रश्न. मंगा काळा-पांढरा असतो, त्यामुळे सर्वांत आधी रंग: केस, डोळे, शाळेचा गणवेश. मुखपृष्ठांवर भरवसा ठेवू नका, एकाच पात्राच्या डोळ्यांचा रंग दोन मुखपृष्ठांवर वेगळा असू शकतो. नावांचे उच्चार विचारा. घराचा नकाशा मागा. अमुक प्रसंग दुपारचा की संध्याकाळचा, हे विचारा. कागदावर ते मोघम चालतं, पडद्यावर आकाशाला रंग द्यावाच लागतो.

लेखकालाच काही बदलायचं आहे का, हाही प्रश्न विचारा. 'अटॅक ऑन टायटन'च्या २०१८ च्या तिसऱ्या हंगामात सत्तापालटाच्या पर्वाची मांडणी बदलली, ती मूळ लेखक हाजिमे इसायामा यांच्याच इच्छेने. अशा वेळी छापलेल्या पानाला चिकटून राहणं हा हट्ट झाला.

## टप्पा ३: आधी शेवट ठरवा, मग हिशेब मांडा

अर्ध्या तासाच्या जागेत जाहिराती वजा जाता ॲनिमेला साधारण २४ मिनिटं मिळतात. सुरुवातीचं गाणं ९० सेकंद, शेवटचं ९० सेकंद. पुढच्या भागाची झलक आणि जाहिरातीआधीची छोटी पाटी मिळून अर्धं मिनिट धरा. कथेला उरली साडेवीस मिनिटं, म्हणजे १,२३० सेकंद. साप्ताहिकातलं एक प्रकरण १९-२० पानांचं असतं. अडीच प्रकरणं घेतली तर ५० पानं, म्हणजे पानाला सुमारे २५ सेकंद.

इथे एक फसवा योगायोग आहे. पानाला पाच चौकटी धरल्या तर ५० पानांत २५० चौकटी होतात आणि टीव्ही ॲनिमेच्या एका भागात साधारण ३०० कट, म्हणजे न तुटता सलग दिसणारे तुकडे, असतात. आकडे इतके जवळ येतात की चौकट आणि कट एकच वाटायला लागतात. सुरुवातीला सांगितलेली चूक जन्मते ती इथे.

एक हंगाम, जपानी धंद्याच्या भाषेत 'कूर', म्हणजे तीन महिने आणि १२-१३ भाग. जानेवारी, एप्रिल, जुलै किंवा ऑक्टोबरपासून. प्रत्यक्षातला वेग काय असतो ते बघा. 'फ्रीरेन'च्या पहिल्या २८ भागांत ६० प्रकरणं आली, भागाला दोनाहून जराच जास्त. 'द प्रॉमिस्ड नेव्हरलँड'च्या २०१९ च्या पहिल्या हंगामात १२ भागांत ३७, म्हणजे भागाला तीन. कथानक पळतं होतं म्हणून ते पेललं. २०२१ च्या दुसऱ्या हंगामात मात्र १८१ प्रकरणांपैकी उरलेलं सगळं ११ भागांत बसवायला गेले आणि गोल्डी पाँडचं अख्खं पर्वच गेलं. हा भागाकार कागदावर मांडला असता तर पहिल्याच बैठकीत उत्तर दिसत होतं. 'मुशिशी' (२००५) याच्या दुसऱ्या टोकाला: प्रत्येक कथा स्वतंत्र, म्हणून २६ भागांत भागाला एक कथा. मुळाशी इतकी इमानी मालिका मी तरी दुसरी पाहिलेली नाही.

क्रम असा ठेवा:

१. हंगामाचं शेवटचं प्रकरण ठरवा. धोका टळलेला असावा आणि एक प्रश्न उघडा राहावा.

२. तिथून मागे येत प्रत्येक भागाचा शेवट ठरवा. टप्पा १ मध्ये खूण केलेल्या पान उलटण्याच्या जागा इथे कामाला येतात. भाग जमेल तेवढा त्यांपैकीच एखाद्या जागेवर तोडा.

३. भागाच्या मध्यावर जाहिरात येते. तीही पान उलटण्याचीच जागा आहे, ती वाया घालवू नका.

४. सगळ्यात शेवटी पानं मोजा. भागाला ६० च्या वर गेली तर कुठेतरी श्वास कोंडणार.

संथ सुरुवातीला घाबरून पहिली प्रकरणं पिळू नका. 'फ्रीरेन'च्या सुरुवातीला वर्षंच्या वर्षं उलटतात आणि घडत फारसं काही नाही. त्यावर त्यांनी उपाय काढला तो वेळापत्रकात: २९ सप्टेंबर २०२३ ला पहिले चार भाग सलग दोन तासांचे म्हणून दाखवले. कथेला हात लावला नाही.

इशारा: मंगा अजून चालू असेल तर मालिका त्याला गाठते. मग तीन वाटा उरतात: रेंगाळणं, मूळात नसलेले भाग भरणं किंवा थांबणं. पहिल्या 'नारुतो'च्या २२० भागांपैकी १३६ व्या भागापासून पुढचे बहुतेक असे भरीचे आहेत. २००३ च्या 'फुलमेटल अल्केमिस्ट'ने चौथी वाट धरली, स्वतःची वेगळी कथा. ती चांगलीच जमली, पण तिला इमानी रूपांतर म्हणता येत नाही. म्हणून तर २००९ मध्ये ६४ भागांत पुन्हा करावं लागलं. निवड तुमच्या हाती असेल तर थांबा.

## टप्पा ४: पटकथा

फुग्यातला संवाद डोळ्यांसाठी लिहिलेला असतो. तोंडाने वाचून पाहा, हातात स्टॉपवॉच घेऊन. उडी मारता मारता नायक तीन फुगे बोलतो, ते कागदावर खपतं. बोलायला अकरा सेकंद लागले तर तो तेवढा वेळ हवेत लटकणार का?

मनातल्या बोलण्यावर सगळ्यात जास्त वेळ द्या. चार पर्याय आहेत: आवाजात ठेवा, समोरच्याशी बोलण्यात वळवा, कृतीतून दाखवा किंवा काढून टाका. 'नेव्हरलँड'च्या पहिल्या हंगामात अनाथाश्रमातल्या मुलांची मनातली बडबड जवळपास सगळी काढली आणि चेहरे, सावल्या, कॅमेऱ्याच्या जागा यांवर भिस्त ठेवली. काही वाचक नाराज झाले. माझ्या मते मात्र त्या घरातलं भय त्यानेच वाढलं, कारण कोणाला काय कळलंय हे प्रेक्षकालाही कळत नव्हतं. हाच उपाय बुद्धिबळासारख्या डावपेचांच्या मंगावर केला तर डावच कळणार नाही. मन ऐकू येणं हेच जिथे कथेचं इंजिन आहे, तिथे हात लावू नका.

एक जपानी अडचण आपल्या लक्षात येत नाही. मंगात कांजी या चित्राक्षरांत एक शब्द लिहून बाजूला बारीक अक्षरांत, 'काना' या उच्चारलिपीत, दुसराच उच्चार देतात. लिहिलेलं असतं 'ती जागा', बाजूला छापलेलं असतं 'घर'. वाचक दोन्ही एकदम वाचतो, आवाज एकच शब्द उच्चारू शकतो. दुसरा अर्थ चित्रातून द्यावा लागतो. हे पटकथेतच लिहून ठेवा. ध्वनिमुद्रणाच्या दिवशी ते कोणाला आठवत नाही.

तपासणी: काढलेलं प्रत्येक वाक्य टप्पा १ च्या वहीशी ताडून बघा. 'पेरलं'च्या रकान्यातलं काही कापलं असेल तर परत आणा.

## टप्पा ५: पात्रांचे तक्ते

मंगाकार मोजक्या मदतनिसांसह काढतो; ॲनिमे डझनावारी हात काढतात. त्यामुळे रेषा कमी कराव्याच लागतात. केसांच्या बटा, कपड्यांच्या चुण्या मोजून ठरवा. जाळीदार छटा जाऊन तिथे रंगाची सावली येते. समोरून, बाजूने, मागून, भावमुद्रा, उंचीचा तुलनात्मक तक्ता, हातातल्या वस्तू. चेहरा ज्या दोन-तीन रेषांनी ओळखू येतो, त्या मात्र काही झालं तरी ठेवा. याहून जास्त इथे अडकू नका. मुलं महिना घालवतात, कारण हे काम मजेचं असतं.

## टप्पा ६: स्टोरीबोर्ड

जपानीत याला 'ए-कोन्ते' म्हणतात. उभ्या कागदावर कटचा क्रमांक, चित्र, काय घडतं, संवाद आणि वेळ असे रकाने. वेळ सेकंद अधिक फ्रेम अशी लिहितात. सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे १+१२ म्हणजे दीड सेकंद.

चित्राआधी खोलीचा नकाशा काढा. मंगात पात्रं कुठे उभी राहतात ते पुष्कळदा फुगे ठरवतात: आधी बोलणारा उजवीकडे. पुढच्या चौकटीत दुसरा आधी बोलला की दोघांच्या जागा गुपचूप बदलतात आणि वाचकाला काही खटकत नाही. तेच पडद्यावर उतरवलं तर दोघांनी अचानक जागा बदलल्यासारखं वाटतं. कॅमेरा दोघांमधल्या रेषेच्या एकाच बाजूला ठेवा.

आता वेळेचं एक उदाहरण जवळून बघू. पान मी सरावासाठी रचलेलं आहे. डाव्या पानावर पाच चौकटी: पावसातलं घर; दाराशी जोडे काढणारा मुलगा, "आलो"; मोठे, ओले, काळे पुरुषी जोडे; मुलाचा चेहरा, फुगा नाही, कोपऱ्यात 'शीऽऽन' हा जपानी शांततेचा ध्वनिशब्द; आतल्या सरकत्या दारावर हात. पान उलटलं की पूर्ण पानभर, वर्षांपूर्वी घर सोडून गेलेला बाप बसलेला.

विद्यार्थी याचे पाच कट करतो, प्रत्येकी चार सेकंद. जोड्यांवर चार सेकंद गेले की प्रेक्षकाला सगळं कळतं. पुढचे आठ सेकंद तो बापाची वाट बघत बसतो आणि बाप दिसतो तेव्हा त्यात नवल उरत नाही. मी असं लावीन:

कट १, ४+०: घर, पाऊस.

कट २, ५+१२: दाराशी रुंद चित्र, मुलगा पाठमोरा, "आलो". काळे जोडे चौकटीच्या कडेला, अंधारात.

कट ३, ३+०: मुलाचे हात स्वतःचे जोडे दाराकडे तोंड करून ठेवताहेत, जपानी घरातल्या रिवाजाप्रमाणे. हात थांबतात.

कट ४, १+१२: काळे जोडे, टपकणारं पाणी.

कट ५, २+०: चेहरा. पावसाचा आवाज बंद.

कट ६, २+१२: दारावर हात, दार सरकू लागल्याचा आवाज. उघडायच्या आत कट.

कट ७, ५+०: बाप. स्थिर चित्र, पहिले दोन सेकंद संगीत नाही.

बेरीज साडेतेवीस सेकंद. दोन पानांना पन्नास सेकंद मिळत होते, निम्मे वाचले; ते भांडणाच्या, फुग्यांनी भरलेल्या पानांना द्या. आणि कट ३ बघा: तो मंगात कुठेच नाही. तरी पान उलटायच्या आधी वाचकाचा जो अंगठा थबकतो, ते काम तोच करतो. उलट जोड्यांची मोठी चौकट दीड सेकंदावर आली, कारण पडद्यावर दीड सेकंद पुरतो.

उंच उभ्या चौकटीसाठी उंच चित्र काढून कॅमेरा खालून वर न्या. चित्र छोटं करून दोन्ही बाजूंना काळे पट्टे ठेवू नका.

इशारा: लढाईच्या पानांवर काळी-पांढरी चौकट आलटून पालटून येते म्हणून पडद्यावर लखलखाट करू नका. १६ डिसेंबर १९९७ ला 'पोकेमॉन'च्या एका भागातल्या लाल-निळ्या झगमगाटाने जपानात शेकडो मुलांना रुग्णालयात न्यावं लागलं. त्यानंतर वाहिन्यांनी नियम केले: सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा चमकणं टाळा, लाल रंगाला विशेष जपा.

तपासणी: सगळे कट वेळेप्रमाणे सलग चालवून पाहा. टप्पा १ मधल्या प्रत्येक 'मेकुरी'पाशी श्वास अडतो का? अडत नसेल तर आधी त्याच्या अगोदरचा कट बघा. दोष बहुधा तिथे असतो.

## टप्पा ७: आवाज

जपानात संवाद अर्धवट चित्रांवर, कधी नुसत्या रेषांवर मुद्रित होतात. त्यामुळे स्टोरीबोर्डातली वेळ चुकली की नट घाईत बोलतो आणि ती घाई नंतर निघत नाही.

छापलेले ध्वनिशब्द पडद्यावर लिहायचे का? २०१२ पासूनच्या 'जोजो'त ते लिहिले, कारण मूळ चित्रात ती अक्षरं रचनेचाच भाग आहेत. इतर बहुतेक ठिकाणी ती काढून तिथे आवाज द्या. 'शीऽऽन'सारख्या ठिकाणी तर आधी चालू असलेला एखादा आवाज बंद करा. म्हणजे तो आधीच्या कटमध्ये चालू हवा. पाऊस कट १ पासून ठेवला तो त्यासाठीच. रिकाम्या जागा दिसल्या की संगीत ओतायची सवय मोडा.

## टप्पा ८: दोन प्रेक्षकांची परीक्षा

एक मंगा वाचलेला, एक न वाचलेला. दोघांना वेगवेगळं बसवा, मध्ये काही सांगू नका. न वाचलेल्याला विचारा, "आता पुढे काय होईल?" वाचलेल्याला विचारा, "काय गाळलंय?" वाचलेल्याने कट ३ सारखी नवी भर मूळातलीच म्हणून सांगितली, तर काम बरोबर झालं आहे. गाळलेल्या चौकटींची यादी त्याने घडाघडा म्हटली तर मन घट्ट करून ती वहीशी ताडा. वहीत नसेल ते सोडून द्या. न वाचलेला गोंधळला असेल तर बोर्डावर खोडरबर चालवत बसू नका. टप्पा ३ च्या तक्त्यावर परत जा आणि त्या भागातून दहा पानं पुढच्या भागात ढकला.